हनिमूनला गेलो आणि अख्खं बेटच बंद! (तुमचेही किस्से येऊ द्या)

सांगलीची_हळद

मावसबहिणीचं लग्न ठरलंय. काल तिचा फोन आला, "ताई, मार्चमध्ये बाली कसं असतं गं?" मी पाणी पीत होते, जोराचा ठसका लागला. तिला "छान असतं" एवढंच म्हटलं आणि इथे लिहायला बसले.

आमचं लग्न मार्च २०२३ चं. रीतसर कांदेपोहे. लग्नाआधी चार वेळा भेटलो. त्यातल्या दोन भेटींना माझा धाकटा भाऊ सोबत होता आणि एका भेटीत अर्धा तास पार्किंग शोधण्यात गेला. त्यामुळे विमानात शेजारी बसलेल्या माणसाला चहात साखर किती लागते हेही मला धड माहीत नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्रीची गोष्ट आधी सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. आईने सांगलीहून भडंगाचा किलोचा पुडा दिला होता. बॅग वजनकाट्यावर ठेवली तर वीस किलोच्या वर. नवऱ्याने एक अक्षर न बोलता भडंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. "बालीत काय खायला मिळत नाही का?" बस, एवढंच. मीही काही बोलले नाही. नवी नवरी, सासूबाई समोर. तो आंघोळीला गेल्यावर मी पुडा उचलला आणि त्याच्याच बॅगेत, शर्टांच्या खाली, तळाशी सारला. त्याच्या पाठीवरच्या बॅगेतली तीन पुस्तकं काढून ठेवली, म्हणजे एकूण वजन तेवढंच.

पहिले दिवस मजेत गेले. देनपासारला विमानतळावर पाच लाख रुपियाचा व्हिसा घेताना आपण लक्षाधीश असल्यासारखं वाटलं. उलुवातूला माकडाने नवऱ्याचा गॉगल पळवला आणि केळं घेऊन परत केला. तिथली माकडं हा व्यापार चोख करतात. संध्याकाळी कड्यावर केचक नृत्य पाहिलं. पन्नासेक पुरुष गोल बसून 'चक-चक-चक' म्हणतात आणि मधे रामायण चालतं. हनुमंताला पाहून नवऱ्याने नकळत हात जोडले. माणूस बरा असावा, अशी पहिली नोंद मी तिथे केली.

२१ तारखेला सेमिन्याकहून उबुदला जायचं होतं. ड्रायव्हर सकाळीच हजर, चार तास आधी. (बालीत थोरल्या मुलाचं नाव बहुधा वायन किंवा पुतू, मग माडे, न्योमान, केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायन. आमचाही वायनच.) "रस्ते बंद होतील, लवकर चला." चौकाचौकात बांबू आणि कागदाचे दोन-दोन मजली राक्षस उभे, सुळे बाहेर, डोळे लाल. मला वाटलं गणपतीसारखं काहीतरी असेल. वाटेत वायनने विचारलं, "उद्या न्येपी. जेवणाची सोय आहे ना?" (न्येपी म्हणजे बालीचा गप्प राहायचा दिवस, हे तेव्हा कुठे माहीत!) नवरा म्हणाला, "येस येस, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड."

व्हिला भाताच्या खाचरांच्या काठावर. स्वतंत्र, छोटा पोहण्याचा तलाव, आजूबाजूला चिटपाखरू नाही. फोटोत हेच पाहून तर भुललो होतो. केअरटेकरने किल्ली दिली, फळांची टोपली दाखवली, रात्रीचा नासी गोरेंग (परतलेला भात) केळीच्या पानात बांधून ठेवला होता तो दाखवला, आणि हात जोडून म्हणाला, "आता भेटू २३ ला सकाळी. तोपर्यंत बाहेर पडू नका. दिवे लावू नका."

आम्ही एजंटाचा कागद काढला. २२ मार्चपुढे एकच ओळ होती : 'दिवस चौथा – निवांत.'

लेक उठली. उरलेलं नंतर. तोवर तुमचे किस्से येऊ द्या.


तांबडा_पांढरा

हसून हसून पुरेवाट! 'दिवस चौथा – निवांत' हे त्या एजंटाच्या दुकानावर पाटी करून लावा.

आमचं २०१९ ला फुकेत. बायकोला माया बे बघायचा होता, पॅकेजात तसं लिहिलेलंही होतं. होडी कड्याच्या बाहेर थांबली आणि गाईड म्हणाला, "तो बघा माया बे." तो किनारा २०१८ च्या जूनपासून पर्यटकांना बंद होता, प्रवाळ मेलं म्हणून. उघडला २०२२ च्या जानेवारीत. आमचे पैसे 'बघण्याचे' होते, 'उतरण्याचे' नव्हते, असा खुलासा झाला. बायको अजून कुठलंही पॅकेज वाचताना क्रियापदं तपासते.


खिडकीची_जागा

आमचा किस्सा स्वित्झर्लंडचा, आणि चूक शंभर टक्के माझी.

इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेनला जाणारी गाडी. तिथे एकच गाडी दोन गावांना निघते. मधल्या झ्वायल्युटशिनेन नावाच्या चिमुकल्या स्टेशनात तिचे दोन तुकडे होतात : एक लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, घोषणाही होते. पण आम्ही सेल्फीत होतो. बायको सामान घेऊन बरोबर डब्यात बसली. मी फोटोला उजेड चांगला म्हणून पुढच्या डब्यात गेलो. गाडी थांबली, खट् असा आवाज झाला, आणि काचेतून मला माझी बायको हळूहळू डावीकडे जाताना दिसली.

आता परिस्थिती पाहा. दोघांचे पास माझ्या खिशात. दोघांची जाकिटं तिच्याकडे. आणि पैसे वाचवायला सिम एकच घेतलं होतं, माझ्या फोनला. तिचा फोन माझ्या हॉटस्पॉटवर. म्हणजे ती बिनतिकीट, बिनफोन; मी बिनजाकीट.

मी डोकं चालवलं : दोन्ही गावांतून वर क्लाइना शायडेकला गाडी जाते, दोन्ही वाटा तिथे मिळतात, युंगफ्राउलाही तिथूनच जायचं, तर ती तिथेच येणार. मी २०६१ मीटरवर जाऊन शर्टावर कुडकुडत बसलो. तिने डोकं चालवलं : जिथे हरवलं तिथेच उभं राहायचं, लहानपणी जत्रेत आईने सांगितलेलं. ती उलटी गाडी धरून झ्वायल्युटशिनेनला बाकावर बसली. तिकीट तपासनिसाने तिची हकीकत ऐकली, हसू दाबलं आणि तिकीट मागितलंच नाही. साडेतीन तासांनी मी खाली आलो तर ती शांतपणे पेरू खात होती. (पेरू आईने दिलेला, मुंबईहून. आणायचा नसतो म्हणे, पण ते तेव्हा माहीत नव्हतं.)

त्या गावाच्या नावाचा अर्थ 'दोन ल्युटशिना'. पांढरी आणि काळी अशा दोन नद्या तिथे एकत्र येतात. नद्या जिथे भेटतात तिथे आम्ही वेगळे झालो, हे वाक्य बायको प्रत्येक पाहुण्याला ऐकवते.

तात्पर्य वगैरे नाही. दोन सिम घ्या.


नागपुरी_वडाभात

ल्युटशिना भारी हो भाऊ!

आमचं मालदीव. रिसॉर्ट दूरचं होतं, सी-प्लेननं जायचं. मुंबईची फ्लाइट लेट झाली, मालेला उतरलो तं संध्याकाळ. काउंटरवरची पोरगी म्हणे, सी-प्लेन अंधारात उडत नाही, सकाळी या. म्या म्हटलं काहून? तं म्हणे पाण्यावर उतरते ना, पायलटला पाणी दिसाले पाहिजे. बरोबर आहे नं! पण हे पैसे घेताना कोणी सांगितलं नाही. एक रात्र हुलहुमालेत लॉजवर काढली, समोर बांधकाम सुरू. पाण्यावरच्या बंगल्याचं एका रात्रीचं भाडं मात्र गेलंच, अन् त्या आकड्यात आमच्या मामाचा ऑरेंज ज्यूसचा गाडा वर्षभर चालते.

आणखी एक. ड्युटी फ्रीतून सासऱ्यासाठी म्हणून बाटली घेतली होती. मालदीवात दारू नेता येत नाही. कस्टमवाल्यानं काढून घेतली, पावती दिली, जाताना परत केली. सभ्य लोक. पण बायकोनं तिथंच विचारलं, "बाबा तं पीत नाहीत, मंग कोणासाठी घेतली?" लग्नाला सहा दिवस झाले होते.


आजीबाईंचा_बटवा

माझा हनिमून १९८४ चा, महाबळेश्वर. एसटीने गेलो, सोबत नणंदही होती, त्यामुळे तो राहू द्या. किस्सा मुलाचा.

आमच्याकडे अजून ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. नाव आधीच ठरलेलं होतं. चिरंजीवांनी लग्नाच्या दोन महिने आधी हौसेने तिकिटं काढली ती त्या नव्या नावाने, पुढे स्वतःचं नाव, मग आमचं आडनाव. सूनबाईंच्या पासपोर्टवर जन्मनाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तिन्हीपैकी एक शब्द जुळेना. विमानतळावर काउंटरवाली म्हणाली, "सर, या बाई कुठे आहेत?" तो म्हणाला, "याच." ती म्हणाली, "या त्या नाहीत." नवं तिकीट तिथेच घ्यावं लागलं, दुप्पट दराने.

नव्या मुलींना सांगते. लग्न झालं की पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं मुळीच नाही. पंतप्रधानांनीही २०१७ मध्ये हे जाहीर सांगितलं होतं. जुन्या नावाने खुशाल फिरा, फक्त तिकीट पासपोर्टवरच्या नावाचंच हवं. आणि पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक आहे का ते बघा. तांदळातलं नाव तांदळात राहू द्या.

शिवाय मेंदी. बोटांच्या टोकापर्यंत गच्च भरू नका. काही देशांच्या व्हिसाला बोटांचे ठसे घेतात, सिंगापूरला तर तेव्हा उतरल्यावर अंगठाही लावावा लागायचा. सूनबाईंचा अंगठा मशीन चार वेळा नाही म्हणालं.


वाळवंटातला_वासू

अवांतर, पण नवरा-नवरीच्या बॅगा भरणाऱ्या समस्त आया-सासवांसाठी. दुबईमार्गे जाणार असाल आणि इथे दोन दिवस उतरणार असाल तर अनारसे आणू नका. थट्टा नाही. खसखस इथे बंदी असलेल्या पदार्थांत येते. सिंगापुरातही चालत नाही. माझा चुलतभाऊ येणार होता, त्याला मी निघायच्या दिवशी फोनवर पकडलं. लग्नाचे रुखवतातले अडीचशे अनारसे मुंबईच्या टॅक्सीवाल्याला मिळाले.

आणि ओटीतली खोबऱ्याची वाटी. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. तेल असतं, बंद जागेत आपोआप तापू शकतं म्हणून. ओल्या नारळाची भानगड वेगळी, पण वाटी दिसली की बॅग उघडायला लावतात. नवरीची बॅग सगळ्यांसमोर उघडणं म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको.


शंकासुर

सगळ्यांचे किस्से रंजक आहेत, पण खरं सांगू का? प्रत्येक गोष्ट एका शोधात कळली असती. माया बे बंद, सी-प्लेन दिवसा, न्येपीला विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. दोन-तीन लाख खर्च करता आणि कुठे चाललोय ते वाचायला अर्धा तास देत नाही. एजंटाला नावं ठेवण्यात काय अर्थ?


तांबडा_पांढरा

@शंकासुर, लग्नाच्या आधीचा महिना कधी बघितलाय का हो? मी मांडववाला, केटरर, बँड आणि रुसलेल्या तीन मामांत अडकलो होतो. थायलंडच्या प्रवाळाची बातमी कोण वाचणार? एजंट त्याचेच पैसे घेतो की.


सांगलीची_हळद

@शंकासुर, मान्य. आम्ही 'बाली रोमँटिक व्हिला' एवढंच शोधलं होतं. पण एजंटाने उलट बाजूने केलं असावं : त्या दिवशी काहीच चालू नसतं हे त्याला माहीत होतं, म्हणून 'निवांत'.

आता पुढचा भाग.

२१ च्या संध्याकाळी लांबून ढोल-झांजांचा गलका ऐकू आला. ते राक्षस, ओगोह-ओगोह, पोरं खांद्यावर घेऊन नाचवतात, चौकात गरागरा फिरवतात म्हणजे भुतांना दिशा कळत नाही, आणि मग जाळतात. दुसऱ्या दिवशी अख्खं बेट गप्प, म्हणजे भुतांना वाटावं इथे कोणीच राहत नाही आणि त्यांनी निघून जावं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आम्ही नासी गोरेंग खात होतो आणि उद्या कुठलं हॉटेल चांगलं याची चर्चा करत होतो.

सकाळी सहाला जाग आली ती शांततेने. खरंच. स्कूटर नाही, कोंबडा सोडला तर माणसाचा आवाज नाही, आकाशात विमान नाही. मोबाइलला इंटरनेट नाही (न्येपीला तिथे २०१८ पासून मोबाइलचा डेटाच बंद करतात), आणि व्हिलाचा वायफाय केअरटेकर बंद करून गेला होता. आमचं सिम फक्त डेटाचं. भारतातलं रोमिंग घेतलं नव्हतं, 'उगाच खर्च' म्हणून. कोण म्हणालं ते सांगत नाही.

नवऱ्याला पटेना. "एखादं दुकान असेलच" म्हणून फाटक उघडून रस्त्यावर गेला. चौथ्या मिनिटाला परत, सोबत पहारेकरी. पेचालांग म्हणतात त्यांना, गावाचेच लोक, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र. रागावला नाही तो. लहान मुलाला शाळेतून घरी आणून सोडावं तसं सोडलं आणि ओठांवर बोट ठेवून गेला.

फळं दहा वाजता संपली. दोन केळी, एक ड्रॅगन फ्रूट, आणि सालाक नावाचं सापाच्या कातडीसारख्या सालीचं फळ. बाराला पोटात कावळे. नवरा फ्रीज चौथ्यांदा उघडून बघत होता, जणू आतून कोणी भरेल. मला शर्टांखालचा पुडा दिसत होता. पण काढायचा तर सांगावं लागणार, की मी तुझ्या बॅगेत लपवला. मग का लपवला. मग तू न विचारता का काढलास. हे सगळं मी बारा ते दीड मनात बोलून झाले.

दीडला त्याने विचारलं, "तू चिडली आहेस का? चार दिवस झाले, तू खाण्याचा विषय निघाला की गप्प होतेस."

मी उठले, त्याची बॅग उघडली, शर्ट बाजूला केले आणि पुडा त्याच्यासमोर ठेवला. तो आधी पुड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "माझी तीन पुस्तकं...?" म्हटलं, "टीव्हीमागे." त्यावर जे भांडण झालं ते आमच्या आयुष्यातलं पहिलं, आणि कुजबुजत केलेलं एकमेव. कारण मोठ्याने बोलायचं नव्हतं. कुजबुजत भांडून बघा एकदा. "तुला आईसमोर बोलता येत नाही का?" हे वाक्य कुजबुजत म्हटलं की तिखटपणा निम्म्यावर येतो. मधेच त्याने मूठभर भडंग तोंडात टाकलं, लसणाचा तुकडा दाताखाली आला, डोळे मिटले. "हे... तुमच्याकडे रोज असतं?"

अर्धा किलो चार वाजेपर्यंत संपलं. चहात त्याला साखर अजिबात लागत नाही, हेही त्याच दुपारी कळलं. लग्नाआधी आमच्या घरी चार वेळा गोड चहा तो मुकाट्याने प्यायला होता.

गुढीचं नंतर लिहिते.


आजीबाईंचा_बटवा

गुढी? २२ मार्च २०२३... अगं बाई, तो पाडवाच की!


खिडकीची_जागा

"टीव्हीमागे" ला दंडवत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


कॅसकेव्हेल

कुजबुजत भांडणावरून आमचं आठवलं. आम्ही मॉरिशसला, जानेवारी २०२४, बेलाल चक्रीवादळ. १५ तारखेला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या होड्यांसारख्या तरंगत होत्या. आम्ही सुदैवाने शहरात नव्हतो, पश्चिमेला एका घरगुती मुक्कामात होतो. घरमालकीणबाई क्रियोल बोलायच्या, पण वादळ वाढलं तशी त्यांनी देवासमोर आरती सुरू केली, 'सुखकर्ता दुःखहर्ता'. आम्ही उडालोच. त्यांचे पूर्वज कोकणातून गेलेले. तिथे मराठी लोक एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते, हे आम्हाला त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात कळलं. त्यांची मराठी आमच्या पणजीसारखी. बायको वादळाला घाबरली नाही, पण आरतीचं तिसरं कडवं आपल्याला येत नाही आणि त्यांना येतं, याने फार ओशाळली.

नोव्हेंबर ते एप्रिल तिथे वादळांचा मोसम असतो. आपल्या लग्नांचाही नेमका तोच.


सांगलीची_हळद

@आजीबाई, बरोब्बर. पाडवाच.

सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं : लग्नानंतरचा पहिला पाडवा, सकाळी गुढी उभारली की व्हिडिओ कॉल करायचा. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, सगळा हिशेब लावून ठेवला होता. पुण्यात सकाळी सातपासून फोन लावणं चालू. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' दहाला सासऱ्यांनी एजंटाला गाठलं. तो म्हणाला, "काका, नवीन जोडपं आहे. आज नाही उचलणार." सासरे म्हणाले, "गाढवा, पाडवा आहे आज!" शेवटी दुपारी माझ्या धाकट्या भावाने, त्याच पार्किंगवाल्या, इंटरनेटवर न्येपी शोधून काढलं आणि दोन्ही घरांना शांत केलं.

इकडे भडंग खाऊन अंगात आलं होतं. नवरा म्हणाला, "गुढी उभारायची का?" त्यालाच सुचलं, हे लिहून ठेवते. तलावातली पानं काढायची जाळी होती, तिची बांबूची काठी. माझी पैठणीच्या काठाची ओढणी. तांब्याऐवजी कॉफीचा मग उपडा. गाठी म्हणून साखरेच्या पुड्या सुईदोऱ्याने ओवल्या. कडुलिंब कुठला, चाफ्याची पानं लावली. भिंतीच्या कडेला टेकवून उभी केली तर भिंतीच्या वर चांगली चार हात गेली. आम्ही दोघं खूश.

साडेपाचला फाटकावर टकटक. तोच सकाळचा पेचालांग. त्याने वर बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. नवऱ्याने कुजबुजत सांगितलं, "न्यू इयर. आवर न्यू इयर. टुडे." तो म्हणाला, "आज आमचं नवं वर्ष." नवरा म्हणाला, "आमचंसुद्धा. शक. नाइन्टीन फॉर्टी-फाइव्ह." पहारेकऱ्याचे डोळे चमकले. "१९४५? मर्देका!" त्याला वाटलं आम्ही त्यांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. इंडोनेशिया १९४५ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला ना. मग मी मधे पडले. जमिनीवर काडीने लिहिलं, 'शक १९४५', इंग्रजी अक्षरांत. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग छातीवर हात ठेवला, "साका १९४५. बाली." मग माझ्याकडे बोट, "इंडिया?" "महाराष्ट्र," मी म्हटलं, तिथेही सोडलं नाही.

तो उकिडवा बसला आणि त्या आकड्याकडे बघत राहिला. आम्ही त्याला भडंग देऊ केलं. त्याने हात जोडून नाही म्हटलं, त्याचा उपास होता. गुढी काढायला लावली नाही. फक्त मगाकडे बोट दाखवून खूण केली, वाऱ्याने वाजतोय, आवाज होतोय. मी मगात हातरुमाल कोंबला. तो गेला.

रात्री दिवा नाही. सगळ्या बेटावर दिवा नाही. एवढ्या चांदण्या मी सांगलीतही कधी पाहिल्या नव्हत्या.


शंकासुर

आता मात्र लिहायलाच हवं. न्येपीचे चार नियम 'चतुर् ब्रता' म्हणवतात, म्हणजे आपलं चतुर्व्रत : अमाती गनी, अग्नी नाही, अमाती कर्य, कार्य नाही, अमाती लेलुंगान, प्रवास नाही, अमाती लेलांगुआन, करमणूक नाही. त्यांचा शकही आपल्यासारखाच इ.स. ७८ पासून मोजलेला. न्येपी त्यांच्या नवव्या महिन्याच्या अमावास्येनंतरच्या दिवशी, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागेच. पण अधिक मास घालायची त्यांची रीत वेगळी. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ ला न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला. २०२५ ला एका दिवसाची चुकामूक : २९ आणि ३० मार्च. तुम्हाला नेमका जुळलेला दिवस मिळाला. (मी आधी जे खडूसपणे लिहिलं ते मागे घेत नाही, पण गुढी आवडली.)


वाळवंटातला_वासू

आणि २०२६ ला?


शंकासुर

१९ मार्च. दोन्ही. शक १९४८.


नागपुरी_वडाभात

ताई, तुमच्या बहिणीचं लग्न कधी म्हणालात?


सांगलीची_हळद

आत्ता तिला फोन करून कागदाचा फोटो मागवला. १६ ते २१ मार्च २०२६. नवा पर्यटक कर दीड लाख रुपिया आधीच भरलाय, म्हणाली, "ताई, मी सगळं वाचलंय." १९ मार्चपुढे लिहिलंय : 'दिवस चौथा – निवांत.'

एजंट तोच आहे. मीच नंबर दिला होता.


खिडकीची_जागा

सांगू नका.


आजीबाईंचा_बटवा

सांग गं. पोरीला उपाशी ठेवतेस का?


सांगलीची_हळद

सांगते. रविवारी आईकडे जाणार आहे, येताना दोन पुडे आणते. एक तिच्या बॅगेत, एक जावयांच्या, शर्टांखाली. जावयांना फक्त सांगत नाही.